हृदयाच्या दाराशी लिओनार्दो

लिओनार्दो दा विंची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक बाई उभी राहते. एका हातावर दुसरा हात ठेवून बसलेली, हसते आहे की नाही याचा पत्ता लागू न देणारी. केशकर्तनालयातल्या कॅलेंडरापासून शाळेच्या वहीच्या कव्हरापर्यंत तिला आपण इतक्या ठिकाणी पाहिले आहे की तिचा चितारी केवळ चितारीच असणार, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. प्रत्यक्षात या माणसाने आयुष्याची पुढची अनेक वर्षे कुंचल्याइतकीच सुरी हातात धरून काढली. त्याने तीसहून अधिक मृतदेह स्वतः उघडून पाहिले, आणि साठीच्या उंबरठ्यावर असताना त्याचे सारे लक्ष एकाच अवयवावर येऊन थांबले. तो अवयव म्हणजे हृदय. त्यातही हृदयाचे दार, म्हणजे झडप.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याचे खाते पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही आणि कादंबरीकाराला त्याचे मरण समजल्याशिवाय. लिओनार्दोच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत सापडतात. म्हणून त्याच्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे.

नोटरीचा मुलगा

त्याचा जन्म 15 एप्रिल 1452 रोजी फ्लॉरेन्सजवळच्या विंची गावच्या परिसरात झाला. वडील सेर पिएरो हे नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारे, घराण्याने प्रतिष्ठित. आई कातेरिना साध्या घरातली. त्या दोघांचे लग्न झालेले नव्हते. अनौरस मुलाला वडिलांच्या धंद्यात शिरता येत नसे. लॅटिन शिकून पंडित होण्याचा रस्ताही त्याला नीटसा मिळाला नाही. आज वाटते, बरेच झाले. नोटरी झाला असता तर जगाला काही खरेदीखते मिळाली असती.

पोरगा डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे, आरशात धरल्यावर वाचता येईल अशी अक्षरे काढी. वडिलांनी त्याला फ्लॉरेन्समध्ये व्हेरोक्यो या नामांकित कलावंताच्या कारखान्यात घातले. तिथे चित्रे होत, पुतळे होत, धातूचे ओतकामही होई. पुढे हृदय समजून घेताना त्याला उपयोगी पडले ते हेच ओतकाम. ते कसे, ते पुढे येईलच.

1482 च्या सुमारास तो मिलानला लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशाच्या पदरी गेला. तिथेच त्याने ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र रंगवले. तिथेच 1489 मध्ये त्याने माणसाच्या कवट्या कापून त्यांची चित्रे काढली. चित्रकाराला स्नायू माहीत हवेत म्हणून सुरू झालेला हा अभ्यास हळूहळू चित्रकलेचे बोट सोडून स्वतंत्र चालू लागला.

सहाशे फ्लोरिनांची ठेव

1499 मध्ये फ्रेंच सैन्याने मिलान घेतले. आश्रयदाता पळाला. अशा वेळी कलावंत काय करतो याविषयी आपल्या कल्पना फार काव्यमय असतात. लिओनार्दोने काय केले? त्या डिसेंबरात मिलान सोडण्यापूर्वी त्याने आपली 600 फ्लोरिनांची शिल्लक हुंड्यांवाटे फ्लॉरेन्सला पाठवून तिथे जमा केली. हे वाचले तेव्हा मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. राज्य बुडत असताना आधी पैसे सुरक्षित जागी हलवणारा माणूस आमच्या ओळखीचा असतो.

ही रक्कम जमा झाली ती सांता मारिया नुओव्हा या संस्थेत. आणि ही संस्था म्हणजे पेढी नव्हती, ते रुग्णालय होते. महाकवी दान्तेच्या बिआट्रिसचे वडील फोल्को पोर्तिनारी यांनी 1288 मध्ये ते स्थापन केले. धर्मादाय संस्था, जमीनजुमला मोठा, नाव चोख. त्यामुळे लोक तिथे ठेवी ठेवत. एका अंगाला रुग्णांच्या खाटा आणि दुसऱ्या अंगाला ठेवीदारांच्या वह्या, असा तो कारभार होता. लिओनार्दो तिथला खातेदार होता.

1507-08 च्या हिवाळ्यात तो याच रुग्णालयात एका म्हाताऱ्याच्या खाटेशी बसला होता. म्हाताऱ्याने सांगितले की त्याचे वय शंभराच्या वर आहे आणि अशक्तपणाखेरीज त्याला काहीही होत नाही. बोलता बोलता, कसलीही तडफड न करता, खाटेवर बसल्या बसल्याच त्याचा प्राण गेला. लिओनार्दोचे वय तेव्हा पंचावन्न. इतके सुखाचे मरण कशाने आले, हे पाहण्यासाठी त्याने तो देह उघडला.

बँकेत असताना दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यावर सही करायला येत. काठी टेकत, जिना चढताना मध्येच थांबत. एखादे वर्षी एखादे नाव येत नसे आणि घरचे लोक सांगत, झोपेतच गेले, भाग्यवान. आम्ही मान हलवून खात्यावर तशी नोंद घेत असू. झोपेत म्हणजे नक्की कशाने, हा प्रश्न आम्हांला पडत नसे. लिओनार्दोला तो पडला.

वृद्ध आणि बालक

त्याला दिसले ते असे: हृदयाला रक्त पोचवणारी वाहिनी आणि पायांकडे जाणारी वाहिनी सुकून, आकसून गेली होती. वाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या होत्या आणि मधली वाट अरुंद. म्हातारा मेला तो रक्ताचा पुरवठा आटत गेल्यामुळे, असा निष्कर्ष त्याने काढला. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन येणाऱ्या मृत्यूचे हे पहिलेच वर्णन मानतात. याच सुमारास त्याने दोन वर्षांच्या एका मुलाचा देहही तपासला. तिथे सारे उलट होते: वाहिन्या मऊ, सरळ, मोकळ्या. वाहिन्यांचे वय त्याने संत्र्याच्या उपमेने समजावले आहे. फळ जून होत जाते तशी साल जाड होते आणि आतला गर कमी होतो.

आणखी एक नोंद त्याने केली आहे. वृद्ध देहात शिरांना लटकलेल्या पिशव्यांमध्ये त्याला खडे सापडले, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीसारखे कठीण. जिवंत, मऊ मांसात दगड कसा तयार होतो? हा प्रश्न त्याच्या काळाला सुटण्यासारखा नव्हताच. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा होता, रसायनशास्त्र हवे होते, आणि या दोन्ही गोष्टी पुष्कळ दूर होत्या.

त्याच्याजवळ होते ते पाण्याचे ज्ञान. कालवे, बंधारे, पूर यांच्यात त्याने उमेदीची वर्षे घालवली होती. 1504 मध्ये आर्नो नदीचे पात्र वळवण्याचा फ्लॉरेन्सचा प्रयत्न झाला. त्यामागच्या आखणीत त्याचा सहभाग होता. प्रयत्न फसला, पण वाहते पाणी कुठे वेग घेते, कुठे रेंगाळते, कुठे भोवरा करते आणि कुठे गाळ टाकते, हे त्याला नावाड्याइतके कळत होते. शरीराकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले.

बैलाचे हृदय आणि गवताचे बी

1510-11 च्या सुमारास पाविया विद्यापीठातला तरुण शरीरशास्त्रज्ञ मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे याच्याबरोबर त्याने काम केले. दोघे मिळून कदाचित ग्रंथ पुरा झाला असता. परंतु 1511 मध्ये देल्ला तोर्रे प्लेगने गेला. लिओनार्दो मिलानपासून काही अंतरावर वाप्रिओ येथे, आपला तरुण शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्या घरच्या वाड्यात राहायला गेला. तिथे मानवी देह मिळणे अवघड होते. बैलांची हृदये मात्र मिळत. त्यांच्यावर त्याने जे काम केले ते त्याच्या साऱ्या शरीरशास्त्रातले सर्वोत्तम आहे. हृदयाच्या कागदांपैकी एकावर जानेवारी 1513 ची तारीख आहे. तो साठ वर्षांचा होता.

हृदयातून महाधमनी निघते त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. हृदय आकुंचन पावले की पाकळ्या बाजूला होतात, रक्त बाहेर पडते. मग त्या मिटतात आणि रक्त मागे येत नाही. प्रत्येक पाकळीच्या मागे महाधमनीच्या भिंतीला एक फुगीर खळगा असतो. हे खळगे कशासाठी? लिओनार्दोचे उत्तर थक्क करणारे आहे. तोंडातून वेगाने निघालेल्या रक्ताच्या कडेचा भाग या खळग्यांत वळतो, तिथे भोवरा करतो आणि त्या भोवऱ्याने पाकळी भरून, उलगडून, अलगद मिटते. नुसते मागे येणारे रक्त आदळून पाकळ्या मिटल्या असत्या तर त्या चुरगळल्या असत्या, असे त्याचे म्हणणे. पाकळ्या तीनच का, चार का नाहीत, याचाही त्याने भूमितीने आकृत्या काढून विचार केला.

केवळ विचारावर तो थांबला नाही. बैलाच्या हृदयाच्या त्या दारात वितळलेले मेण ओतायचे, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात काचेची महाधमनी फुगवून घ्यायची, तिच्यातून पाणी सोडायचे आणि पाण्यात गवताचे बारीक बी टाकायचे, म्हणजे भोवरे डोळ्यांना दिसतील, अशी कृतीच त्याने लिहून ठेवली आहे. व्हेरोक्योच्या कारखान्यातले ओतकाम ते हेच.

त्याला सारेच उमगले असे नाही. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. ते विल्यम हार्वेने 1628 मध्ये दाखवले. हृदयाच्या मधल्या भिंतीत छिद्रे असतात हे गेलेनचे जुने मत लिओनार्दोने स्वीकारले होते. दाराची कडी-बिजागरी इतकी अचूक पाहणाऱ्याला घराचा नकाशा मात्र पूर्ण दिसला नाही.

बंद पेटी

1513 मध्ये तो रोमला गेला. तिथे त्याच्यावर कागाळ्या झाल्या आणि देह तपासण्याला मनाई झाली. 1516 मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या बोलावण्यावरून तो अँब्वाजला गेला. उजवा हात अधू झाला होता. 2 मे 1519 रोजी तो तिथेच वारला. त्याच्या मृत्युपत्रात सावत्र भावांसाठी चारशे स्कुदी ठेवले आहेत आणि ते कुठे आहेत तेही सांगितले आहे: फ्लॉरेन्सला, सांता मारिया नुओव्हाच्या खजिनदाराकडे. ते खाते शेवटपर्यंत चालू होते.

खरी संपत्ती होती ती कागदांची. ती मेल्झीकडे गेली. त्याने जिवापाड जपली, पण छापली नाही. लिओनार्दोने स्वतःही छापली नव्हती. पुस्तकाच्या योजना करायच्या आणि पुन्हा एक प्रश्न काढून बसायचे, हा त्याचा स्वभाव. 1570 च्या सुमारास मेल्झी गेल्यावर कागद विखुरले. शरीरशास्त्राची पाने पोम्पिओ लिओनी या शिल्पकाराकडून पुढे इंग्लंडच्या राजसंग्रहात पोचली आणि आज ती विंडसरला आहेत. ती छापून जगापुढे आली तेव्हा एकोणिसावे शतक संपत आले होते. दरम्यान व्हेसॅलिअसने 1543 मध्ये शरीररचनेचा ग्रंथ काढला, हार्वेने अभिसरण सांगितले, आणि महाधमनीच्या त्या खळग्यांना वाल्साल्व्हा या अठराव्या शतकातल्या शरीरशास्त्रज्ञाचे नाव चिकटले. वापरात न येणाऱ्या खात्याला आम्ही निष्क्रिय खाते म्हणतो. पौने चारशे वर्षे निष्क्रिय राहिलेले एवढे मोठे खाते दुसरे नसेल.

1968-69 मध्ये ऑक्सफर्डचे अभियंते ब्रायन बेलहाउस यांनी झडपेची प्रतिकृती करून तिच्यातून पाणी सोडले आणि ते भोवरे पाहिले. 2014 मध्ये एमआरआय तंत्राने ते जिवंत माणसांच्या छातीत दिसले. लिओनार्दोचे म्हणणे खरे होते.

आक्काची झडप

हे सारे मी इतक्या बारकाईने वाचायला लागलो त्याला घरगुती कारण आहे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, शहात्तराव्या वर्षी जिना चढताना थांबू लागली. एकदा देवळाच्या पायरीवर तिला भोवळ आली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आवाज ऐकला आणि इको करून आणायला सांगितले. महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचले होते. निरोगी माणसात या झडपेची वाट तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते. आक्काची एकाच्याही खाली आली होती. आक्काने पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा. जन्मभर दोन वेळा दूध घेतले, गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, तेच का हे?

तसे नाही. तिच्या रक्तातले कॅल्शियम अगदी योग्य होते. आणि दूध बंद केल्याने झडपेवरचा थर उतरत नाही.

या झडपेची पाकळी मिलिमीटरभरही जाड नसते. ती दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडमीट करते. सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून अधिक वेळा. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ म्योंकेबर्ग यांनी 1904 मध्ये या रोगाचे वर्णन केले, आणि त्यानंतर बराच काळ सर्वांची समजूत अशी होती की दाराचे बिजागर गंजते तशी ही निव्वळ झीज आहे. गेल्या तीसेक वर्षांत हे चित्र बदलले. पाकळीच्या वरच्या नाजूक अस्तराला इजा होते. तिथून चरबीचे कण आत शिरतात, दाह सुरू होतो. पाकळीच्या आत तिची डागडुजी करणाऱ्या पेशी असतात. या दाहामुळे त्या आपला धर्म सोडतात आणि हाडे घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. मग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे सूक्ष्म कण जमतात, कणाला कण चिकटतो आणि हाडांत व दातांत असते तेच खनिज पाकळीत तयार होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या काही झडपांत तर सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरीचे हाड दिसले आहे. म्हणजे हा नुसता साचलेला गाळ नव्हे. शरीर भलत्या जागी बांधकाम काढून बसते.

आणि हे बांधकाम पाकळीच्या दोन्ही बाजूंना सारखे होत नाही. हृदयाकडच्या बाजूवरून रक्त सरळ, वेगाने जाते. तिथे थर कमी. तो मुख्यतः धरतो पाकळीच्या दुसऱ्या बाजूला, त्या खळग्यांच्या बाजूला, जिथे प्रवाह वळतो, मंदावतो, उलटसुलट होतो. लिओनार्दोने जिथे भोवरे पाहिले, तीच ही बाजू. पाकळी सुखरूप मिटवणारे आणि रोगाला जागा देणारे पाणी एकाच वळणावरचे, हे समजले तेव्हा मी बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिलो. आर्नोचा गाळ पाहिलेल्या त्या माणसाला हे सांगितले असते तर त्याला नवल वाटले नसते.

आपल्याकडे झडपेच्या विकाराचे आणखी एक मोठे कारण आहे. लहानपणी घशाला जंतुसंसर्ग होतो, त्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना सांधे धरणारा ताप येतो आणि तो हृदयाची झडप, विशेषतः डावीकडची द्विदल झडप, बिघडवून जातो. पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांच्यावरही चुना धरतो. हा प्रकार मात्र वेळेवर दिलेल्या साध्या पेनिसिलिनने टळू शकतो. मुलाचा घसा दुखतो म्हणजे काय मोठेसे, असे म्हणून सोडू नये, एवढे वाचकांना अवश्य सांगतो.

म्हातारपणीच्या झडपेसाठी असे औषध आजमितीस नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या इथेही चालतील अशी आशा होती. 2005 ते 2010 या काळातल्या मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. 2013 मध्ये लायपोप्रोटीन ए या चरबीकणाशी निगडित असलेला आनुवंशिक फरक या रोगाशी जोडला गेला; त्या दिशेने आता शोध चालू आहे. तोवर उपाय एकच, झडप बदलणे. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रुआं शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप बसवली. लिओनार्दो ज्या देशात मेला तिथलीच ही गोष्ट.

आक्का आधी तयार नव्हती. आपले वय झाले, मुलांच्या पैशाला कशाला हात लावायचा, असे तिचे म्हणणे. खर्च खरोखरच मोठा होता. शेवटी भाच्याने दोन मुदत ठेवी मोडल्या, एक मी मोडली. चाळीसेक वर्षे लोकांना ठेवी मुदतीपूर्वी मोडू नका म्हणून सांगत आलेल्या माणसाला ती पावती फाडताना काहीच वाटले नाही. मांडीतूनच झडप बसली. तिसऱ्या दिवशी आक्का चालू लागली.

त्यानंतर एकदा मी तिला सांता मारिया नुओव्हातल्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. तिने विचारले, त्याच्या घरचे कोणी होते का जवळ? लिओनार्दोने ते लिहिलेले नाही. त्याच्याजवळ कोणी तरी बसले होते, त्याचे बोलणे ऐकून घेत होते आणि त्याच्या मरणाचे कारण समजून घ्यावे इतके मोलाचे ते मरण त्याला वाटले होते, एवढे मात्र त्या कागदावरून कळते. ते रुग्णालय फ्लॉरेन्समध्ये त्याच जागी अजून चालू आहे.